आधी काळीज

लग्न होऊन मी सांगलीहून आष्ट्याजवळच्या एका गावात आले, तेव्हा माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती आणि भाकरी मात्र धड थापता येत नव्हती. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. नवरा फौजेत, रजा संपली तसा तो परत गेला. घरात उरलो सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांचा दिवस उसात जायचा. सासूला मी आत्या म्हणत असे. आत्या मुळातच कमी बोलायच्या. माझी तव्यावर फाटलेली भाकरी बघून त्या काही म्हणायच्या नाहीत, फक्त मला बाजूला सरकवून स्वतः काठवटीपुढे बसायच्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परसात सात-आठ कोंबड्या होत्या. त्यातली एक खुडूक झाली, म्हणून आत्यांनी पाटीत भुसा घालून तिच्याखाली अंडी बसवली. तीन-चार दिवसांनी पाटी उचलून आत घेताना दोन अंडी एकमेकांवर आपटली आणि एकाला तडा गेला.

"गेलं हे," असं म्हणून आत्या ते उकिरड्यावर टाकायला निघाल्या.

"आत्या, मला द्या ते," मी म्हणाले.

"काय करतीस?"

काय करणार ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. कॉलेजात प्रात्यक्षिकाला आम्ही असं अंडं फोडलं होतं, एवढंच आठवत होतं. मी एका पांढऱ्या बशीत कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि तड्यातून अंडं हलकेच त्यात सोडलं. बलकावर केसांएवढ्या बारीक लाल रेषांचं जाळं पसरलं होतं. त्या रेषा जिथे एकत्र येत होत्या तिथे मोहरीएवढा एक लाल ठिपका होता. तो हलत होता. थांबत होता, पुन्हा हलत होता.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकल्या. "हे काय हाय गं?"

"काळीज आहे त्याचं."

"काळीज? आन पिल्लू कुठाय?"

"पिल्लू अजून व्हायचंय."

आत्या खालीच बसल्या. "पिल्लू न्हाई आन काळीज चालू? आधी काळीज व्हय?"

"हो. रक्त फिरल्याशिवाय बाकीचं वाढायचं कसं?"

चुलीवर कालवण उकळत होतं. दोघींपैकी एकीनंही तिकडे पाहिलं नाही. ठिपका हळू होत गेला, मधे बराच वेळ थांबला, पुन्हा एकदा हलला आणि मग हलला नाही. आत्यांनी बशी उचलली, परसातल्या शेवग्याच्या बुडाशी बोटांनी माती उकरली आणि ते पाणी तिथे ओतून वर माती सारली. उकिरड्याकडे त्या गेल्या नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं. विषय एकच होता. दुपारी जोंधळे निवडताना आत्यांनी विचारलं, "हे सुरू कशापासनं हुतं?"

मी सुपातला एक दाणा उचलून फरशीवर ठेवला. "ही एक पेशी. अंड्यात सुरुवातीला एवढंच असतं. बलकावरचा एक बारीकसा ठिपका. मग एकीच्या दोन होतात." मी दुसरा दाणा ठेवला. "दोनाच्या चार, चाराच्या आठ." दाण्यांचा पुंजका वाढत गेला.

आत्या पुंजक्याकडे बघत राहिल्या. "हे समदं सारखंच दिसतंय की."

"सुरुवातीला सारख्याच असतात."

"मग ह्यातल्या एकीनं डोळा व्हायचं आन एकीनं नख, हे तिला सांगतं कोण?"

परीक्षेत मी या प्रकरणाचं उत्तर पाठ केलं होतं, तेच सांगितलं. पेशींचे तीन थर होतात; वरच्यापासून कातडी आणि मेंदू, मधल्यापासून काळीज, रक्त, हाडं, आतल्यापासून आतडी. आत्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"ते झालं गं. पर सांगतं कोण?"

 खरं तर पदवी घेऊनही हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता मात्र तो माझ्याही डोक्यातून जाईना. भाकरी थापता थापता माझे हात थांबायचे. पिठाच्या एकाच गोळ्यातून एका कडेला डोळा आणि दुसऱ्या कडेला नख, हे होत कसं असेल?

आणखी अंडं फोडायला आत्यांनी साफ नकार दिला. पण बघायचं तर त्यांनाही होतं. आमच्या धान्याच्या खोलीत अंधार असायचा आणि कौलांच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा खाली यायचा. कोंबडी दाणे टिपायला उठली की आम्ही एक अंडं घेऊन त्या खोलीत जायचो. मुठीत धरून कवडशात नेलं की टरफल तांबूस उजळायचं आणि आतल्या लाल रेषा दिसायच्या. काही दिवसांनी रेषांच्या मधे एक काळसर गोळा दिसू लागला. एकदा तो आतून ढुसणी मारल्यासारखा हलला आणि आत्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. सासऱ्यांनी एकदा दारातून विचारलं, "काय चाललंय दोघींचं?" आत्या म्हणाल्या, "आवं, उजेड आडवू नगा."

पुढे माहेरी गेले तेव्हा मी मुद्दाम कॉलेजात गेले. आम्हाला शिकवणाऱ्या बाई प्रयोगशाळेतच भेटल्या. शिस्तीच्या, वर्गात कुणी प्रश्न विचारायला धजायचं नाही. मी त्यांना आत्यांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"हा प्रश्न तुझ्या सासूबाईंनी विचारला?"

"हो."

"मग त्यांना सांग, की हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही." त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि परदेशात झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अंड्यातल्या पिल्लाला पंखाच्या जागी आधी नुसता कोंब फुटतो. त्या कोंबाच्या मागच्या कडेचा इवलासा तुकडा काढून कुणीतरी तो पुढच्या कडेला लावला. पंख वाढला तेव्हा त्यात बोटांची हाडं दुप्पट होती, आरशात पाहावीत तशी समोरासमोर. "म्हणजे त्या कडेकडून आजूबाजूच्या पेशींना काहीतरी निरोप जातो," बाई म्हणाल्या. "निरोप कसला, ते शोधताहेत."

परत आले तोवर पिल्लं निघाली होती आणि अंगणभर चिवचिवाट होता. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच आत्या म्हणाल्या, "काय म्हणाल्या तुझ्या बाई?" मी सगळं सांगितलं. प्रयोगातल्या त्या पिल्लाचं पुढं काय झालं, हे त्यांनी आधी विचारलं. ते मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "म्हंजी आपुन कुठं हाय, शेजारी कोण हाय, ह्यावरनं ती ठरवती."

"तसंच काहीसं."

 एक पिल्लू त्यांच्या पदरावर चढत होतं, ते त्यांनी अलगद खाली ठेवलं.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक ऱ्हायलं हुतं मला," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या म्हयन्यात गेलं. बाया म्हणाल्या, नुसतं रगात हुतं, काय न्हवतं त्यात. रडतीस कशापायी? सासूनं तर दुसऱ्या दिवशी रानात तण भांगलायला धाडली." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यात काळीज आसंल का गं?"

 नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी इतके दिवस मला जे जे विचारलं होतं, ते खरं कळावं म्हणून विचारलं होतं.

"होतं, आत्या. तिसऱ्या महिन्यात काळीज चालू असतं."

त्यांनी मान हलवली. "मग मी रडले ते काय चुकलं न्हवतं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि कोंबड्यांना कण्या टाकायला उठल्या.

पुढच्या जूनमध्ये आष्ट्याच्या एका शाळेला शास्त्र शिकवायला बाई हवी असल्याचं गावात कळलं. सासरे म्हणाले, "सुनंला रोज एसटीनं धाडायची? लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाल्या, "लोकास्नी म्हणू द्या. घरात बसून ती काय करंल? भाकरी तर मलाच थापावी लागती." मला हसू आवरेना.

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी आत्यांना तिथे बोलावून घेतलं. खालच्या आरशावर ऊन यावं म्हणून सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला आणि कांद्याचा पापुद्रा लावला. त्या वाकल्या, आधी दुसरा डोळा मिटता येईना म्हणून तो हाताने झाकला. "इटांची भिंत हाय की गं ही!"

"त्या पेशी. कांदा असाच रचलेला असतो."

"आन मी?"

मी काडीने त्यांच्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं, काचेवर निळ्या औषधाचा थेंब टाकला आणि काच लावली. आत्या पुन्हा वाकल्या.  बाहेर एसटी येऊन गेली, तरी त्यांनी डोळा काढला नाही.

"सुट्या सुट्या हायत्या," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रत्येकीत मधी ठिपका हाय."

शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. त्याला कुलूप लावायचं होतं. आत्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि बाक जरा मागे सरकवलं.

"ये रं," त्या म्हणाल्या. "ही मी हाय. बघ."