जाऊबाईंची काचेतली सवत

"काहून आली?"

आमच्या थोरल्या जाऊबाई दार उघडून आधी हेच विचारत. डबा घेऊन जा, दिवाळीला जा, दुखण्याखुपण्याला जा, स्वागत हेच. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. नवी नवरी होते तेव्हा मी या 'काहून'ला घाबरून उंबरठ्यावरच रडले होते. पुढे कळलं, दूधवाला असो की व्याही, सगळ्यांना हेच. मग मीही सांगायला लागले, "भांडाले आली." ते ऐकलं की बाई बाजूला सरकत आणि आत येऊ देत.

त्यांच्या शिव्यांचा मोठा वाटा मात्र बैठकीतल्या काचेच्या टाकीला मिळायचा. माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, यांना खाऱ्या पाण्याच्या माशांचं वेड. नागपूर कुठे, समुद्र कुठे, पण या माणसाने तो बैठकीत भरून ठेवला होता. तळाला पांढरी रेती, दगडांवर जिवंत पोवळी, बोटं हलवत बसलेलं एक समुद्रफूल आणि त्या फुलात लपणारी नारंगी मासोळ्यांची जोडी. ऑफिसातून आले की चहाच्या आधी टाकीपुढे. बाई टाकीला सवत म्हणत, आणि तेही तिच्यासमोर उभं राहून. "सवतीले थंड हवा पाहिजे. मी तिकडे चुलीपाशी उकडून राहिली, त्याचं काही नाही." खोटं नव्हतं ते. घरातला एकुलता एक एसी टाकीच्याच खोलीत होता.

भासरे दवाखान्यातच वारले. शेवटी ते काय बोलले हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, पालक निवडता निवडता, दात खाऊन. "मले काही नाही म्हणला वं. जेवली का, झोपली का, काही नाही. सवतीचं पाणी पाहजो, म्हणला."

आम्हाला वाटलं, आता टाकी जाते. तर बाई रोज सकाळी कमी झालेलं पाणी भरायला लागल्या. "पाणी उडते, मीठ नाही उडत. वरून गोडंच पाणी टाका लागते," मला ऐकवत. हे कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाल्या, "ज्याचा राग येते, त्याचं सारं ध्यानात राहते." मग ठेवता तरी कशाला? "मेली तं तो वरून म्हणन, हिले जमलं नाही. तसं म्हणू देत नसते मी त्याले."

टाकी जुनी होत गेली तशी तिची रेतीही. काचेतून पाहिलं की तळाशी काळा पट्टा दिसायचा, समुद्रफूल मिटून मिटून राहायचं. रेती बदलायची वेळ आली होती आणि बाई ते जपून करणार होत्या. पण आमचे हे, बाईंचे धाकटे दीर, मनाने भले आणि हाताने उतावळे. बाई आणि मी पारशिवनीला एका लग्नाला गेलो होतो, किल्ली ह्यांच्याकडे. ह्यांनी ठरवलं, वहिनी यायच्या आत टाकी चकाचक करून टाकू. उन्हाळ्याआधी कूलरची टाकी कशी साफ करतो आपण, उपसायची, घासायची, भरायची, तसंच. बांधकामातून उरलेली कन्हान नदीची रेती धुऊन घमेल्यात तयारही ठेवली होती.

आम्ही परतलो तर सडक्या अंड्यांचा वास थेट जिन्यात. जुनी रेती एकदम उकरली की तिच्यात दबून बसलेलं विष पाण्यात येतं, हे ह्यांना काय ठाऊक! नशीब, एकाच कोपऱ्यात हात घातला होता. बाईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. खारं पाणी कालवलेला ड्रम कोपऱ्यात असायचाच, त्यात फूल, दगड, मासोळी हलवली. दुसरी मासोळी वर तरंगत होती.

"वहिनी, मी तं मदत करून राहिलो होतो," हे म्हणाले.

"समुद्राच्या मासोळीले कन्हानची रेती? भाऊजी, निघा. पुन्हा हा उंबरठा चढले तं भिवापूरची मिरची घालीन डोळ्यात!"

त्या दिवसापासून बाई ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. हेही चिडले. "एका मासोळीपायी? सख्ख्या दिराले?" वर त्यांचं घर, खाली आमचं, आणि जिन्यात मी.

पुण्याहून मंजूने, बाईंच्या लेकीने, समुद्रातली रेती पाठवली. मग दर रविवारी आम्ही दोघी बसायचो. बाई नळीने एक पट्टाच जुनी रेती ओढून घेत आणि दुसरं टोक धरून बादलीपाशी मी. नवी रेती तांदळासारखी धुवायची, पाणी नितळ होईपर्यंत, आणि रुंद पाइपातून हळूच तळाला सोडायची. पुढच्या रविवारी आधी फूल पाहायचं. मिटलेलं असलं तर त्या दिवशी रेतीला हात नाही, नुसत्या शिव्या. "नखरे पाह्य सवतीचे! नीट धर ती नळी, झोपली का?" शेवटी कोपऱ्यात मूठभर बरी जुनी रेती उरली. मी नळी तिकडे नेली तर हातावर चापटी बसली. "राहू दे ते. नव्या रेतीत जीव नसते. याच्यातूनच जाते तिच्यात."

काही दिवसांनी फूल पूर्ण उघडलं आणि एकटी मासोळी त्यात जाऊन बसली. बाईंनी पदराने काच पुसली, भिंतीवरच्या भासऱ्यांच्या फोटोकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पाहून घे."

गुडघे गेले तेव्हा मंजू त्यांना पुण्याला घेऊन गेली. टाकी कशी नेणार? जाताना किल्ली माझ्या मुठीत दाबली. "भाऊजीले देऊ नको." ना गळाभेट, ना डोळ्यात पाणी. ऑटोत बसतानाही पाय ठेवायला जागा नाही म्हणून माझ्यावरच ओरडल्या.

मग दर रविवारी दुपारी त्यांचा फोन. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही.

"मेली का?"

"नाही बाई."

"मरत नसते ते." फोन बंद. हे तेवढ्या वेळात बरोबर माझ्या शेजारी पेपर घेऊन बसत. पान काही उलटत नसे.

एका रविवारी फोन वाजला तो मंजूचा होता. रात्री झोपेतच गेल्या म्हणाली.

पुण्याहून परतल्यावर पुढच्या रविवारी, फोनच्या वेळेला, मी वर टाकीपाशी उभी होते. काय करावं कळत नव्हतं. पाणी बोटभर उतरलं होतं. मागे पावलं वाजली. हे दारात उभे, हातात गोड्या पाण्याचा मग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिना चढून आले होते. माझ्या तोंडून निघून गेलं,

"काहून आले?"

हे उंबरठ्याच्या बाहेरच थांबले. मान खाली घालून म्हणाले, "पाणी टाकाले आलो, वहिनी."

मी बाजूला सरकले.