सत्कारात अडकलेलं तिसरं रीळ

कुवेतला जायचं आईनेच ठरवलं. तिथे राहणाऱ्या मावसभावाचा, सतीशचा फोन आला, "ताई, क्रोएशियाच्या त्या बाई फिल्म घेऊन येतायत. काका आहेत तीत!" आखाती युद्धात पेटलेल्या तेलविहिरींच्या आगी विझल्यावर बाबा तिथे साफसफाईच्या कामावर फोरमन होते. आता ते नाहीत. आईने त्यांना कामावर कधीच पाहिलं नव्हतं. नाशिक न सोडणारी आई म्हणाली, "पासपोर्ट काढ."

बाबांच्या पत्रांत या बाई असायच्या. तरुणपणी स्टुडिओत त्यांना फक्त फिल्म कापायला-चिकटवायला बसवलं. मग त्यांनी स्वतःच कॅमेरा उचलला. त्यांच्या देशात असं करणाऱ्या त्या पहिल्याच. सगळं जग ज्वाळांचे फोटो काढून गेलं, त्या मात्र मागून काजळी उपसणाऱ्या माणसांसाठी आल्या.

जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, थंडी सुखाची असते. अब्बासियात राहा, सगळी आपल्याकडचीच वस्ती, पोह्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं. कार्यक्रमाचा हॉल रुमैथियाला, तिथे बस बदलून जावं लागतं, तासभर हाताशी ठेवा. आणि तिथल्या आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असेल, तर डोकं घरी ठेवून जा!

हॉल सहा ते आठ. फिल्म तीन रिळांची, सव्वा तासाची. बाबा तिसऱ्यात. झालं काय? दीपप्रज्वलन. स्वागतगीत. प्रास्ताविक. प्रायोजकांचा सत्कार, त्यांच्या सौभाग्यवतींचा सत्कार, हॉल मिळवून देणाऱ्याचा सत्कार. ऐंशीच्या घरातल्या बाई शाल-नारळ सांभाळत तीनदा म्हणाल्या, "फिल्म, प्लीज." सेक्रेटरी हसून म्हणाले, "यस मॅडम, ओन्ली टू स्पीचेस!"

सव्वासातला फिल्म लागली. दुसरं रीळ संपतंय तोच हॉलचा रखवालदार आला आणि दिवे लागले.

"वेळेअभावी इथेच थांबू या," सेक्रेटरी म्हणाले. "आता आभारप्रदर्शन!"

आग लागो तुमच्या आभारांना! हे मी मनात म्हटलं. उठून ओरडायला हवं होतं. मी काय केलं? सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्याचा राग अजून जात नाही.

बाईंचं विमान पहाटेचं होतं. मी आईला घेऊन त्यांच्यापाशी गेले, बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी शाल खुर्चीवर टाकली, तिसरा डबा उघडला आणि हातानेच फिल्म उलगडत ट्यूबलाइटसमोर धरली.

"हिअर," त्या म्हणाल्या.

आईने चष्मा पुसला. मागून सेक्रेटरी म्हणाले, "काकू, जरा इकडे बघा, ग्रुप फोटो!" आईने मान वळवली नाही. रखवालदार दिवे मालवायला लागला, तोवर ती बघत राहिली.

नाशिकला परतल्यावर शेजारच्या कुलकर्णीकाकू चहाला आल्या. "काय काय पाहिलंत कुवेतला?"

"हे दिसले," आई म्हणाली. "नखाएवढे. फावडं वर उचललेलं होतं. ते खाली आलेलं काही बघायला मिळालं नाही."