मान्यता मिळाली तो दिवस

हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून मी वसमतच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले होते. तिथल्या डॉक्टरांना नोकरीतल्या नर्सेससाठी प्रशिक्षण केंद्र काढायचं होतं, आणि शिकवायला मी. पण आधी केंद्राला मान्यता हवी होती. अटी कडक होत्या. चालू प्रसूतिगृह, भरलेला वॉर्ड, ऑक्सिजन, न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी अंबू बॅग, सरावाची बाहुली. आमच्याकडं प्रसूतीची खोली तेवढी होती.

मान्यता देणारी समिती तपासणीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. उसन्या आणलेल्या खाटा उतरल्या, ऑक्सिजनचं सिलिंडर उतरलं, बाहुली उतरली. अंबू बॅग काचेच्या कपाटात ठेवून डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली.

मी सिलिंडरची चावी फिरवून बघितली. हवा सुटल्याचा आवाजच आला नाही.

"सर, हे रिकामं आहे."

"समिती सिलिंडर बघते, सिस्टर. आत काय आहे ते कोण बघतं?"

ते हसले.

सकाळी जीप एका तांड्यावर जाऊन बायका घेऊन आली. मोफत तपासणी आहे असं त्यांना सांगितलं होतं. खाटांवर त्या ताठ पडून राहिल्या. त्यांत एक पोटुशी पोरगी होती, सोबत तिची सासू. सासूनं वॉर्डभर नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "बाई, इथं आजारी कोण हाय?"

मी पोरीच्या पोटावर हात ठेवला, तर पोट दगडासारखं.

"कवापासून दुखून राहिलं?"

"पहाटपासून."

"सांगितलं काहून न्हाई?"

"जीपवाला म्हनला, नुसतं झोपायचं हाय."

मी धावत डॉक्टरांकडं गेले. हिला सरकारी दवाखान्यात हलवू या म्हटलं.

"समितीची गाडी गावात शिरलीय," ते म्हणाले. "आता वॉर्डातून कुणी हलणार नाही."

मग मी तिला प्रसूतीच्या खोलीत घेतलं. बाहेर समितीचे लोक खाटा मोजत होते, त्यांचे आवाज भिंतीपलीकडून येत होते. बाळ आलं ते निळं, मऊ, गप्प. पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही.

"कपाट उघडा!" मी ओरडले.

डॉक्टर आले, मागून समिती आली. डॉक्टरांनी किल्ली काढली, पण आधी समितीकडं बघितलं आणि मगच कुलूप उघडलं. मी अंबू बॅग हातात घेतली, तर मास्क मोठ्या माणसाचा. बाळाचं सगळं तोंड त्यात बुडालं. मी तो टाकून दिला, गॉजचा तुकडा बाळाच्या तोंडावर ठेवला आणि माझ्याच तोंडानं हलके हलके श्वास देत राहिले. खोलीत कुणी हललं नाही. सासू दाराशी खाली बसली होती.

बऱ्याच वेळानं ते लेकरू मांजराच्या पिलासारखं कण्हलं. मग रडलं.

समितीतल्या मेट्रनबाई पुढं आल्या. "छान, सिस्टर."

"मॅडम, सिलिंडर रिकामं आहे. मास्क बाळाचा नाही. या बायकाही पेशंट नाहीत."

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "अटीत अंबू बॅग लिहिलंय. माप लिहिलेलं नाही." आणि त्या जेवायला गेल्या.

मायलेकरांना घेऊन मी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेले. दोघं वाचली. परत आले तर खाटा टेम्पोत चढत होत्या.

मान्यता आली. डॉक्टरांनी मला खुशीत सांगितलं, "तुमच्यामुळंच, सिस्टर. अहवालात लिहिलंय, प्रात्यक्षिक समाधानकारक." त्याच दिवशी मी नोकरी सोडली. मग समिती पाठवणाऱ्या मंडळाकडं तक्रार केली. उत्तर आलं नाही.

पुढं एकदा वसमतच्या स्टँडवर चार-पाच तरण्या नर्स एसटीतून उतरल्या. हातात पिशव्या. एकीनं मला केंद्राचा पत्ता विचारला.

"तिथं जाऊ नका बाई," मी म्हटलं. "तिथं शिकायला काही न्हाई."

"काहून? मान्यता न्हाई का त्याला?"

"मान्यता हाय."

"मग झालं की," ती म्हणाली, आणि सगळ्या जणी रिक्षात बसल्या.