खांबेट्यांचा रविवारचा वाद

र्युसेल्सहाइममध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर तावातावाने बोलणारा मराठी माणूस एकच, वासुदेव खांबेटे. यात त्यांना स्पर्धा होती अशातला भाग नाही. तिथले जर्मन आपल्या फुटबॉलपलीकडे बघत नाहीत आणि मराठी मंडळी क्रिकेटपलीकडे. शिवाय खांबेट्यांनी उभ्या जन्मात कुठल्याच चेंडूला पाय लावलेला नव्हता. अशा माणसाला साठीला टेकल्यावर हे खूळ का लागावं? तर त्याचं कारण क्षितिजा, त्यांची एकुलती एक मुलगी.

खांबेटे मूळचे सांगलीचे. पिंपरीत पाच वर्षं नोकरी करून सत्त्याण्णव साली जर्मनीत आले आणि गाड्यांच्या दारांपाशी चिकटले ते चिकटलेच. त्यांचं काम असं, की एक यंत्र गाडीचं दार लाखभर वेळा उघडणार, लाखभर वेळा लावणार, आणि काय झिजलं, काय तुटलं ते खांबेट्यांनी टिपून ठेवायचं. सव्वीस वर्षं त्यांनी हे मन लावून केलं. नुसत्या आवाजावरून कुठली बिजागरी दमली आहे ते ते सांगत. माणसांच्या बाबतीत मात्र हा कान त्यांना नव्हता, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

ते खातं बायकोकडे होतं. नीता होती तोवर घरात बोलणं असे. क्षितिजा इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. नीता मराठीत ओरडायची, पोरगी जर्मनमध्ये ओरडायची, आणि दोघींचं झकास जमायचं. खांबेट्यांचं जर्मन म्हणजे कारखान्यातलं, स्क्रू, सहनमर्यादा आणि अहवाल एवढ्यापुरतं. मुलीशी मनातलं बोलायला ते कुचकामी होतं. क्षितिजा अठरा वर्षांची असताना नीता आजारपणात गेली आणि त्या घरात दोन माणसं उरली, एकमेकांवर जीव असलेली आणि बोलता न येणारी.

मग चार वर्षांनी क्षितिजा पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेली. दर रविवारी फोन. तो असा, ‘जा’ म्हणजे जर्मनमधलं ‘हो’:

“जेवलीस का?”

“जा.”

“थंडी आहे?”

“जा, गेट शोन.” म्हणजे, हो, चालतंय.

“बरं.”

चार मिनिटं. खांबेटे आठवडाभर त्या चार मिनिटांची वाट बघायचे आणि फोन ठेवला की आपण काय बोलायला हवं होतं ते त्यांना सुचत बसायचं. एकटेपणा त्यांना सवयीचा होता, पण फोन ठेवल्यानंतरचा एकटेपणा फार वाईट. ते उगाच उठून भांडी पुन्हा घासायचे.

अशात पहिल्याच डिसेंबरात एका रविवारी क्षितिजा फोनवर आली ती संतापलेलीच. तिच्या कॉलेजचा संघ मोसमात एकच सामना हरला होता. अजिंक्यपदासाठी फक्त चार संघ घेतात, आणि हे चार कोण ते ठरवायला तेरा जणांची समिती एका हॉटेलात बसते. समितीने हिच्या संघाला पाचवा नंबर दिला. चौथा आला तो संघसुद्धा एकच सामना हरलेला! “हे कसं ठरवलं, बाबा? नुसतं बघून! त्यांना वाटलं म्हणून!” हे सगळं अर्थात जर्मनमध्ये, आणि तिच्या जर्मनला एरवी नसलेली धार लावून.

खांबेट्यांना त्यातलं काही कळलं नाही. पण “नुसतं बघून” हे ऐकून त्यांच्यातला इंजिनिअर दुखावला. “मोजमाप नाही?” त्यांनी विचारलं. “नाही ना!” ती म्हणाली. त्या दिवशी फोन एकोणपन्नास मिनिटं चालला. खांबेट्यांनी फोन ठेवल्यावर घड्याळ दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अभ्यास आरंभला. शंभरावर संघ, प्रत्येकाच्या वाट्याला सामने जेमतेम बारा-तेरा. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग अव्वल कोण? एके काळी वार्ताहर मतं द्यायचे, प्रशिक्षक वेगळी मतं द्यायचे, आणि एखाद्या वर्षी चक्क दोन अजिंक्य संघ निघायचे. मधली काही वर्षं गणकयंत्रांचे आकडे धरले जात. खांबेट्यांच्या मते तेवढाच काळ शहाणपणाचा. मग लोकांनी यंत्रांच्या नावाने बोटं मोडली आणि समिती आली. खांबेट्यांनी हे सगळं वाचून काढलं, वही घातली, आणि पुढच्या रविवारी वाद मांडला: आकड्यांनी ठरवा, माणसांना बाजूला करा.

क्षितिजा उलट पक्षाची निघाली. “आल्झो, हे बघ बाबा, आकडे काय बोलतात? जास्त संघ घ्या, मैदानात उतरवा, काय ते तिथे ठरेल.” खांबेटे म्हणाले, एका दिवसाच्या खेळात कमअस्सल संघही जिंकून जातो. ती म्हणाली, जिंकला ना, मग झालं तर. आणि बाप-लेकीची अशी काही जुंपली, की दोघांनाही रविवारची ओढ लागली. मधूनच ती सांगून जायची, खोली बदलली, सर्दी झाली होती, एक मित्र होता, त्याच्याशी आता बोलणं नाही. वादाच्या फटीतून मुलीचं आयुष्य खांबेट्यांना दिसू लागलं. समोरासमोर विचारलं असतं तर यातलं एक अक्षर कळलं नसतं.

फ्रँकफुर्टजवळ मराठी मंडळाच्या गणपतीत खांबेटे हा विषय काढत. तिथे पद्माकर गोडसे म्हणून त्यांचे जुने सहकारी होते, ते एकदा म्हणाले, “अहो खांबेटे, इकडे फुटबॉलच्या बुंडेसलीगाला फायनलच नाही. चौतीस सामने, ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. फेर्टिश, संपलं!” खांबेटे म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर! पण तिकडे संघ शंभरावर, गोडसे...” आणि पुढची वीस मिनिटं गोडश्यांच्या हातातला मोदक हातातच राहिला. पुढच्या वर्षी खांबेटे दिसले की मंडळी आरतीची पुस्तकं गोळा करायच्या निमित्ताने काढता पाय घेऊ लागली. खांबेट्यांना ते कळत होतं. घरी जाताना गाडीत त्यांना वाईटही वाटायचं.

दोन वर्षांनी चाराचे बारा संघ झाले. क्षितिजा आनंदली. खांबेट्यांना मात्र घोर लागला. आता वाद मिटला तर रविवारी बोलायचं काय? पण तेराव्या नंबरचा संघ उरलाच होता, आणि त्याचे लोक पाचव्याहून मोठ्याने बोंबलत होते. खांबेट्यांचा जीव भांड्यात पडला. त्या तेराव्या संघाबद्दल त्यांना अगदी घरच्यासारखी माया वाटली.

त्या समितीतली एकच गोष्ट खांबेट्यांना मान्य होती. ज्या सभासदाचा एखाद्या कॉलेजशी संबंध असेल त्याने, त्या कॉलेजचा विषय निघाला की उठून खोलीबाहेर जायचं. “याला म्हणतात न्याय,” ते म्हणायचे. “ज्याला हवंय त्याने ठरवायचं नाही.”

गेल्या ऑक्टोबरात वादाच्या अध्येमध्येच क्षितिजा म्हणाली, “बाबा, मला दोन नोकऱ्या आल्यात. एक शिकागोला. एक डार्मश्टाटला.” आणि थोडं थांबून, “तुला काय वाटतं?”

डार्मश्टाट गाडीने अर्धा तास. खांबेटे एवढंच म्हणाले, “बघतो.”

फोन ठेवला आणि त्यांनी तिच्या खोलीत रचून ठेवलेली खोकी बाहेर काढली. गादीला ऊन दाखवलं, म्हणजे ऑक्टोबरात र्युसेल्सहाइममध्ये जेवढं मिळतं तेवढं. खिडकीच्या काचा पुसल्या. संध्याकाळी जेवताना आपण गुणगुणतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते एकटेच असूनही लाजले.

मग ते तक्ता मांडायला बसले. जर्मन कारखान्यात दोन पर्यायांतून एक निवडायचा तर तोंडाने मत द्यायची पद्धत नाही. तिथे नुत्सवेर्टआनालूझे करतात. निकष लिहायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, सगळी वजनं मिळून शंभर. मग प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण, गुणाकार, बेरीज. खांबेट्यांनी आयुष्यभर बिजागऱ्या अशाच निवडल्या होत्या. त्यांनी लिहिलं: कामाचा दर्जा, पुढची बढती, सुट्ट्या, आरोग्यविमा, मित्रमंडळी. आणि सगळ्यात खाली, बराच वेळ थांबून, लिहिलं: बाबा. वजन वीस. बेरीज केली. डार्मश्टाट जिंकलं, थोडक्यात पण जिंकलं.

तो तक्ता ते दोन दिवस बघत होते. सुख अगदी दाराशी येऊन उभं होतं. पण त्यांच्या मनाने घेतलं, की हे लबाडीचं आहे. ज्याला हवंय त्याने ठरवायचं नाही, असं आपण तिला तीन वर्षं ऐकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा खोलीत ठाण मांडून बसलो? नीता असती तर एका वाक्यात हा शहाणपणा उतरवला असता. नीता नव्हती. खांबेट्यांनी शेवटची ओळ खोडली, वीसचं वजन बाकीच्यांत वाटून टाकलं, पुन्हा बेरीज केली. शिकागो, आणि चांगल्या फरकाने. शुक्रवारी त्यांनी तो तक्ता मुलीला पाठवून दिला. सोबत एकच ओळ, की दशांशापर्यंत तपासलं आहे.

त्या रविवारी फोन आला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी निरोप आला: शिकागोला होकार कळवला. खांबेट्यांनी उलट लिहिलं, “अभिनंदन. योग्य निर्णय.” मग ते तिच्या खोलीत गेले आणि खोकी एकेक करून पुन्हा आत नेली. दोन खोक्यांनंतर ते तिच्या पलंगावर बसले आणि रडले. रडण्यात त्यांचा काही हिशेब नव्हता. सहा-सात वर्षांचं साचलेलं होतं.

पुढचे फोन पुन्हा चार मिनिटांचे झाले. जेवलीस का, थंडी आहे का.

डिसेंबरात, नाताळाआधीच्या दुसऱ्या आडव्हेंटच्या रविवारी, बारा संघ जाहीर व्हायचे होते. इथे संध्याकाळचे सहा, तिच्याकडे सकाळचे अकरा. फोन तिनेच केला. दोघं आपापल्या पडद्यावर यादी बघत होते. बारा नावं झाली. खांबेटे सवयीने म्हणाले, “अकराव्याला काय बघून घेतलं? माझ्या आकड्यांत तो पंधरावा आहे.”

ती म्हणाली, “बाबा, त्या तक्त्यात तुझी ओळ नव्हती.”

“होती,” खांबेटे म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. “काढली.”

“वजन किती होतं?”

“वीस.”

“आणि तेव्हा कोण पुढे होतं?”

खांबेट्यांनी पडद्यावरची बारा नावं वरून खालपर्यंत वाचली. “डार्मश्टाट,” ते म्हणाले.

मग क्षितिजा मराठीत बोलली. फोनवर तिने मराठीत आख्खं वाक्य बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. शब्द शोधत, अडखळत ती म्हणाली, “मी शिकागोला नाही म्हणून मेल लिहिला होता, बाबा. पाठवायचा बाकी होता. तू फक्त ये म्हणशील म्हणून विचारलं.”

“ते न्यायाचं झालं नसतं,” खांबेटे म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना आपल्या शब्दांची चीड आली. ते उठून उभे राहिले. “क्षितिजा, मला तू इथे हवी होतीस. रोज हवी असतेस. घरात मला करमत नाही. तुझी आई गेल्यापासून एक दिवस करमलेलं नाही.”

“आता सही झाली, बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. “दोन वर्षांची.”

“हो. माहिती आहे मला.”

कुणीच फोन ठेवेना. शेवटी तिने नाक ओढलं आणि जर्मनमध्ये विचारलं, पंधरावा का म्हणतोस तू त्या अकराव्याला, कारण सांग. खांबेट्यांनी खुर्ची ओढली, वही उघडली, आणि पहिल्या सामन्यापासून सुरुवात केली. ती प्रत्येक सामन्याला अडवत होती. तो संघ पंधरावा नाही, हे त्यांना तिसऱ्या सामन्यातच कळून चुकलं होतं. पण ते कबूल केलं असतं तर फोन ठेवावा लागला असता, म्हणून खांबेटे आठ वाजेपर्यंत हट्टाने चुकीची बाजू लढवत राहिले.