चपलांतले पाय

तो हावेपायी बुडाला, असं पोलादपुरात सगळे म्हणतात. ते खरं नाही. मी त्याला बुडू दिलं.

तो कचेरीत कारकून. रविवारी दुपारी माझ्या दुकानात आम्हा तीन म्हाताऱ्यांबरोबर पोकर खेळायला यायचा. मोबाईलवर शिकून आम्हालाही त्यानेच शिकवलं. डोळ्यांतलं कोणी वाचू नये म्हणून दुकानातही काळा चष्मा लावायचा. "काका, चेहरा कसा दगड पायजे!" म्हणायचा. चेहरा होताही दगडच. पण हातात चांगली पानं आली, की त्याचे पाय हळूच चपलांतून बाहेर यायचे. ते दिसले, की आम्ही पानं टाकून डाव सोडायचो.

"घाबरलात ना?" तो खूश व्हायचा.

चिंचोक्यांवरून आम्ही नोटांवर आलो, तेव्हा आपला खेळ सुधारला असं त्याला वाटलं. मग त्याने महाडच्या मोठ्या टेबलावर बसायचं ठरवलं. निघताना स्कूटरवरूनच त्याने विचारलं, "काका, खरं सांगा, माझ्या खेळात काय खोट हाय का?"

"काय नाय रे," मी म्हणालो. खोट सांगितली असती, तर रविवारी आम्ही जिंकलो कसे असतो?

संध्याकाळी तो एसटीने परतला. हातात नुसतं हेल्मेट होतं, स्कूटर तो हरला होता.

"नशीब फिरलं, काका." हेल्मेट बाकावर ठेवून त्याने चष्मा चढवला आणि पुन्हा चिंचोके मागितले.

पानं वाटली. त्याचे पाय चपलांतून बाहेर आले.

माझ्याकडे दोन राजे होते. मी मुकाट्याने टाकले.