चॅनेल विकलं गेलं, ताईंच्या बातम्या चालू राहिल्या

सुनंदाताई आज सकाळी गेल्या.

आमच्या मालवणात कोण गेलं ते इतकी वर्षं ताई सांगायच्या. आज त्यांचं मी सांगतोय.

टायपिंगच्या चुका समजून घ्या.

नव्या पोरांना माहीत नसेल. आपल्याकडे एक लोकल केबल चॅनेल होतं. बाजारात कोल्ड्रिंकच्या दुकानावर एक खोली, मागे निळा पडदा, पुढे एक टेबल. रोज संध्याकाळी अर्धा तास बातम्या. वाचायच्या ताई, कॅमेऱ्यामागे मी.

ताई मूळच्या आचऱ्याच्या. चॅनेलवर पहिल्यांदा आल्या त्या आपल्या शिवणक्लासची जाहिरात द्यायला. मालक नानांनी त्यांना दोन वाक्यं बोलताना ऐकलं आणि म्हणाले, "जाहिरात ऱ्हवांदे गो. बातम्या वाचशीत?"

बातम्या तरी कसल्या? लाईट कधी जाणार, कोणाची म्हैस चुकली, कुठे जत्रा, कोण वारलं.

आणि शेवटी दर्याची खबर. वारा कसा आहे, होड्या सोडायच्या की नाही. बंदर ऑफिसला ताई स्वतः फोन करायच्या. बाकी सगळं शुद्ध मराठीत, ही एक बातमी मात्र मालवणीत.

मग घरोघरी डिश आली. मोबाईल आले. नाना थकले आणि त्यांनी नेटवर्क मुंबईच्या एका कंपनीला विकून टाकलं.

कंपनीचे साहेब आले. चहा प्यायले. म्हणाले, "लोकल प्रोग्रॅम आजपासून बंद. त्या स्लॉटला पिक्चर लावू."

ताई म्हणाल्या, "सर, आज शेवटचं वाचू द्या. उद्यापासून नाही, एवढं तरी लोकांना सांगते."

"गरज नाही मॅडम."

त्या संध्याकाळी लोकांनी टीव्ही लावला तर हिरो नाचत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई बंदरावर मासे घ्यायला आल्या. मीपण तिथेच. लिलाव चालू होता. देवबाग गावची जानकीकाकी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने ताईंचा हात धरला.

"बाय गो, काल तू खंय होतंस? माझो झील उद्या दर्यात जातलो. वारो कसो आसा ता माका कोण सांगतलो?"

मी म्हटलं, "काकी, मोबाईलवर येता मा सगळा."

"माका वाचूक येता काय रे?"

ताईंनी तिथूनच बंदर ऑफिसला फोन लावला. काकीला तिच्या मुलासाठी वाऱ्याची खबर सांगितली. शेजारच्या बायाही कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्याकडे ताईंनी एकदा बघितलं.

मग मासळीच्या एका पालथ्या क्रेटवर चढल्या. पदर सारखा केला.

"नमस्कार. मी सुनंदा. ऐकूया आजच्या बातम्या."

कोणीतरी हसलं.

मग तोच पुढे सरकून ऐकायला लागला. लिलावाची बोलीही थांबली.

मी नुसता बघत राहिलो. समोर कॅमेरा नाही, लाईट नाही, आणि ही बाई भर बाजारात उभी राहून टीव्हीवर वाचायची तशीच वाचतेय. तोच आवाज. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

परत येताना विचारलं, "ताईनु, ह्या काय?"

"कॅमेरो गेलो रे. बातमी खंय गेली?"

त्यानंतर रोज. लिलाव संपत आला की ताई हजर. पाऊस असला तर शेडखाली. वर्षानुवर्षं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं.

मध्येच चॅनेल परत विकलं गेलं. आणखी मोठ्या कंपनीला. त्यांची एक ऑफिसर मुलगी ताईंबद्दल ऐकून मुद्दाम बंदरावर आली. पूर्ण बातम्या उभ्याने ऐकल्या.

"मॅडम, आमच्याकडे या. अख्ख्या कोकणासाठी वाचा. बातम्या मुंबईहून येतील."

"त्यात देवबाग असेल?"

"रोज नसेल."

"दर्याची खबर?"

तिने नकारार्थी मान हलवली.

ताई हसल्या. "तुम्हाला वाचणारं कोणीही मिळेल, बाळा. यांना नाही मिळायचं. आता घरी चल, जेवून जा."

आणि तो वादळाचा दिवस.

दुपारी लख्ख ऊन होतं. बंदर ऑफिसने ताईंना सांगितलं, हवा बिघडणार. ताईंनी संध्याकाळची वाट बघितली नाही. माझ्या बाईकवर बसल्या. "चल रे. पयला देवबाग."

देवबागला होड्या निघायच्या तयारीत. जानकीकाकीचा मुलगा दोर सोडत होता. म्हणाला, "ताईनु, आभाळ बघा. ढग तरी आसा काय?"

"मी कधी खोटा सांगलंय काय रे?"

त्याने एकदा आभाळाकडे बघितलं. मग त्याने दोर परत बांधला. त्याचं बघून बाकीच्यांनी होड्या वर ओढल्या.

तिथून थेट आचऱ्यापर्यंत. जिथे जिथे होड्या दिसल्या तिथे ताई उतरल्या, ओरडून सांगितलं, परत बसल्या. घसा पार बसला. वाटेत एका टपरीवर गरम पाणी मागितलं, तर तिथे टीव्हीवर आपलंच जुनं चॅनेल. पिक्चर चालू.

ताई दोन मिनिटं बघत बसल्या.

"बरो आसा रे पिक्चर," म्हणाल्या, आणि उठल्या.

अंधार पडता पडता वारा सुटला. माडच्या माड आडवे झाले. आम्ही गेलो त्या एकाही गावचा माणूस दर्यात नव्हता.

मी लग्नं शूट करतो, सभा शूट करतो. मंत्री बघितले, नट बघितले. एवढं मोठं माणूस दुसरं बघितलं नाही.

आज देवबागची माणसं रस्त्याने आली नाहीत. होड्यांनी आली. बंदरावर होड्या लावून तशीच ओल्या पायांनी ताईंच्या अंगणात उभी राहिली. अंगण भरलं, मग गल्ली भरली.

ताईंचे मिस्टर ओटीवर बसून त्या गर्दीकडे बघत होते. मला जवळ बोलावलं.

"घरात ता कधी मोठ्यान बोलला नाय रे," ताईंबद्दल म्हणाले.

ताईनु, तुमका वाकान नमस्कार.

सावकाश जावा.