रुबाबा खालाची ओली लोकर

तेलाच्या पैशाने बाकू शहरात विकास आला, तो विमानतळाच्या रस्त्याने. घरं सुधारण्यापेक्षा ती झाकणं सोपं, म्हणून त्याने रस्त्याकडेला उंच दगडी भिंत बांधली. रुबाबा खालाच्या अंगणातलं ऊन त्यात गेलं. शुक्रवारी लेकीचं लग्न आणि रुखवतातल्या गादीत भरायची धुतलेली लोकर अजून ओलीच! खालाने ती भिंतीबाहेर फुटपाथवर पसरली आणि काठीने झोडपू लागली.

"खाला, उचला हे! परदेशी पाहुणे येताहेत. देशाची अब्रू जाईल!" रस्त्यावरचा सरकारी मुकादम धावत आला.

"आणि ओली गादी सासरी पाठवली तर माझी जाईल, ती तुझं तेल भरून देणार का रे?"

पाहुण्यांआधी काम उरकावं म्हणून मुकादमाने घाईघाईने दुसरी काठी उचलली. पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा तो घामाघूम होऊन लोकर झोडपत होता आणि खाला ओरडत होती, "जोरात रे! सरकारी काम नाहीये हे!"